तळटिपा खाणारा कटर

मी एक जुना कटर आहे. पेन्सिलीला टोक काढणारा नव्हे, मित्रांनो. कागदांची वीतभर उंच थप्पी एका घावात कापणारा, बिडाच्या अंगाचा, पोलादी पात्याचा कटर. माझी गोष्ट ऐकायची असेल तर खुशाल जवळ बसा, पण आधी हात मागे घ्या. मी लाडात आलेलं मांजर नाही. माझ्या तोंडात जे येतं ते दोन होऊनच बाहेर पडतं.

माझा जन्मच मारहाणीत झाला. अंग भट्टीत वितळवून साच्यात ओतलं. पातं लालभडक तापवलं, घणांनी कुटलं, तेलात बुडवलं तेव्हा ते असं किंचाळलं की भट्टीवाल्यानं कानांवर हात ठेवले. मग धारेच्या चाकावर धरून त्याच्या ठिणग्या उडवल्या. कारखान्यातल्या मिस्त्रीनं अंगठ्यावर धार तपासली. अंगठ्याची कातडी सोलून निघाली आणि तो खूश होऊन म्हणाला, "वा! हा नाव काढणार." जगात माझं पहिलं कौतुक झालं ते रक्त काढल्याबद्दल. लहानपणी जशी शाबासकी मिळते तसं मूल घडतं म्हणतात. मीही तसाच घडलो.

माझं काम समजायला सोपं आहे. माझ्या पाटावर कागद ठेवायचे. मागे एक अडसर असतो, त्याला कागद टेकवायचे. हा अडसर एका चाकानं मागेपुढे सरकतो. चाक फिरवून अडसर पुढे आणला की कागद पात्याच्या बाहेर जास्त येतो आणि जास्त कापला जातो. वरून दाबपट्टी आवळायची आणि बाजूचा लांब दांडा ओढायचा, की पातं खाली. खर्रकन आवाज येतो आणि पुढे कतरण पडते. बाकी सगळं कापणाऱ्याच्या डोक्यावर अवलंबून. डोकं ठिकाणावर असलं तर पुस्तक होतं, नसलं तर खाटीकखाना.

मला दोन भावांनी विकत घेतलं. कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांचं बाइंडिंगचं दुकान होतं. पुढे काउंटर, मध्ये शिवणकामाचं टेबल, कोपऱ्यात चुलीवर सरसाचं भांडं, आणि खिडकीखाली मी. थोरला कापायचा, धाकटा पुठ्ठे चढवायचा. दोघांचे हात सोन्याचे आणि तोंडं विस्तवाची. सकाळी दुकान उघडायचं, चूल पेटवायची आणि भांडायला लागायचं, असा तिथला क्रम होता. गिऱ्हाइकांना त्याची इतकी सवय झाली होती की दुकान शांत असलं तर लोक विचारायचे, "कोणी आजारी आहे का?" पण काम चोख. मी कापलेल्या कडेवर गाल घासला तरी ओरखडा यायचा नाही. कॉलेजची पोरं नवं बांधलेलं पुस्तक हातात घेऊन कडेवरून बोट फिरवायची आणि हसायची. त्या हसण्यात माझाही वाटा होता.

मग ती सकाळ आली. शाळेच्या कोऱ्या उत्तरपत्रिकांची थप्पी माझ्या पाटावर होती. थोरला डाव्या हातानं तिची कड सारखी करत होता. कागद थोरला लावायचा, पण मोठी थप्पी असली की त्या वेळी दांडा ओढायला धाकटा असायचा. कुठल्याशा पुठ्ठ्यावरून जुंपली होती. थोरला म्हणाला, "तुला धड दांडा ओढता येत नाही. घरी बस आणि वहिनीला भाजी निवडून दे." उचलली जीभ लावली टाळ्याला. धाकट्याचं डोकं फिरलं आणि त्यानं दांडा ओढला.

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट. मला कळलंसुद्धा नाही, मित्रांनो. मांस मऊ असतं आणि हाडाचा कागदाहून फारसा वेगळा आवाज येत नाही. पण त्या बोटात पोलादाची अंगठी होती, आणि ती मला चावली. बोट तुटलं, अंगठी तुटली, आणि माझ्या धारेला तिळाएवढी खाच पडली. उत्तरपत्रिका लाल झाल्या. धाकटा तिथंच जमिनीवर कोसळला. थोरल्यानं स्वतःच फडक्यानं हात आवळला आणि पायानं भावाला ढोसून म्हणाला, "ऊठ. बोटं माझी तुटली, आणि मेल्यासारखा तू काय पडलायस? डॉक्टरकडे चल."

डॉक्टरांना त्यानं सांगितलं, "हात निसटला." बायकोलाही तेच सांगितलं, गल्लीलाही तेच. धाकट्यानं मान खाली घालून तेच सांगितलं. दोघं भाऊ त्या दिवसाबद्दल एकमेकांशी कधी एक शब्द बोलले नाहीत. दुकानात मात्र एक नियम आला: ज्याचा हात खाली, त्याचाच हात दांड्यावर. पोरं थोरल्याला 'आठबोटेमामा' म्हणू लागली. हाताची पाची बोटं सारखी नसतात असं लोक म्हणतात. मामा म्हणायचा, "आधी पाच असावी तर लागतात."

धार लावणारा म्हणाला, ही खाच घालवायची तर अर्धं पातं झिजवावं लागेल. मामा म्हणाला, "राहू दे. मलाही दोन आहेत." तेव्हापासून मी जे जे कापलं त्या प्रत्येक कडेवर केसासारखी एक बारीक रेघ उठत आली. गिऱ्हाइकाच्या लक्षात येत नसे. मला मात्र ती रेघ म्हणजे माझी सही वाटायची.

मामाला एक मुलगी. लहान असताना ती माझ्या कतरणीच्या ढिगात झोपायची. बोलायला लागली तशी तिनं सगळ्यांना हैराण केलं. कोणी काही सांगितलं की ती विचारायची, "कोण म्हणालं?" काका म्हणाला, उद्या दुकान बंद. "कोण म्हणालं?" आई म्हणाली, मांजर आडवं गेलं तर काम होत नाही. "कोण म्हणालं? मांजर म्हणालं?" काकानं तिचं नावच 'कोणम्हणालं' ठेवलं. चिडवायचा, पण शाळेतून यायला तिला जरा उशीर झाला की गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभाही तोच राहायचा.

कोणम्हणालं कॉलेजात गेली आणि शेवटच्या वर्षी तिला शोधनिबंध लिहायचा होता. विषय तिला शोधावा लागला नाही. आसपासच्या गल्ल्यांत यंत्रांनी किती हात घेतले होते! लाकडाच्या वखारीतला करवतवाला, बेकरीत कणीक मळायच्या यंत्रात कोपरापर्यंत गेलेला कारागीर, वाफेच्या इस्त्रीखाली पंजा गमावलेली धोबीण. ती प्रत्येकाच्या दारात जाऊन बसली आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आणलं. तिला शिकवणाऱ्या बाई कडक. त्या म्हणायच्या, "दुसऱ्याचं वाक्य घ्यायला हरकत नाही. पण ते कुणाचं, कुठं सांगितलं, कधी सांगितलं, ते त्याच पानावर खाली लिहायचं. तुझं काय आणि दुसऱ्याचं काय, हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे. नाही तर ती चोरी." म्हणून प्रत्येक साक्षीला आकडा, आणि पानाच्या तळाशी त्या आकड्याची एक ओळ. तळटीप म्हणतात तिला.

मामाचं म्हणणं असं होतं: निबंध पास झाला तर पुढे हवं तेवढं शिक, नापास झालीस तर टायपिंगची नोकरी. मुलीची सगळी मदार त्या निबंधावर होती.

शेवटी तिनं बापालाच विचारलं. मामा माझ्या पाटावर तो तीन बोटांचा पंजा ठेवून उभा होता. त्यानं तो उचलून पाहिला. मग म्हणाला, "लिही. धाकट्यानं दांडा ओढला. रागानं ओढला. खाली माझं नाव घाल." मुलीची लेखणी थांबली. दुसऱ्या दिवशी तिनं काकाला विचारलं. तो म्हणाला, "हात निसटला. सगळ्यांना माहीत आहे."

ती बाईंकडे गेली. "आता खरं कोणतं लिहू?"

बाई म्हणाल्या, "तू तिथं होतीस?"

"नाही."

"मग न्यायाधीश होऊ नकोस. दोघांचंही लिही, आणि कुठलं कुणाचं ते खाली सांग."

तिनं तसंच केलं. टायपिंगच्या वर्गात बसून, मध्ये कार्बन घालून तीन प्रती काढल्या. मूळ कागद फाडून टाकले, कारण घरी पसारा ठेवलेला मामाला खपत नसे.

आमच्या दुकानाची एक रीत होती. घरचं काम सगळ्यात शेवटी. आधी गिऱ्हाईक, मग आपण. म्हणून मुलीचे कागद तसेच पडून राहिले ते निबंध द्यायचा दिवस उजाडेपर्यंत. त्या दिवशी तिची दुसऱ्या विषयाची परीक्षा होती. ती जाताना म्हणाली, "काका, संध्याकाळच्या आत ऑफिसात नेऊन द्याल ना?" काका म्हणाला, "तू जा गं. डोळ्यांत तेल घालून करतो."

तिन्ही प्रती शिवून झाल्या, पाठीला सरस लागला. धाकटा पानं नीट लागलीत का ते चाळून पाहत होता, आणि चाळता चाळता थांबला. त्यानं ते पान वाचलं. खालची ओळ वाचली. पुन्हा वाचली. मग तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला, पण बोलला भावाशी.

"हे काय लिहवलंस तिच्याकडून?"

"खरं ते."

"इतकी वर्षं गप्प बसलास, आणि आता माझ्या तोंडाला काळं फासायला पोरीला पुढे केलंस? हे पान काढ."

"पान निघणार नाही. शिवलंय ते. ठेव पाटावर."

धाकट्यानं प्रती ओढल्या. मामानं त्या हिसकावून माझ्या पाटावर ठेवल्या, शेंडा अडसराला, बूड माझ्या तोंडाकडे. धाकट्यानं त्याची कॉलर धरली. मामानं त्याच्या पोटात कोपर हाणलं. मग काय, दोन्ही रेडे सुटले. सरसाचं भांडं उलटलं, शिवणाचं टेबल आडवं झालं. धाकट्याच्या हाताला पुठ्ठे ठोकायचा लाकडी हातोडा लागला आणि तो त्यानं भावाच्या कपाळावर घातला. भुवई फाटली. मामानं त्याला दोन्ही हातांनी उचलून माझ्यावर आपटला. त्याची पाठ माझ्या चाकावर आदळली, चाक गर्रकन फिरलं आणि अडसर बोटभर पुढे सरकला. प्रतींचं बूड पात्याबाहेर आलं. मला ते दिसत होतं, मित्रांनो. पण मला पातं आहे, जीभ नाही.

"बांधणार!" मामा ओरडला. "जसं आहे तसंच बांधणार!" त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं होतं, म्हणजे खरोखरच, भुवईतून ओघळून. त्यानं आंधळ्यासारखी दाबपट्टी आवळली, माप पाहिलं नाही, आणि दांडा ओढला. मी कापलं. एरवी नखाएवढी कतरण पडते. त्या दिवशी बोटभर रुंद पट्ट्या पडल्या आणि प्रत्येक पट्टीवर एक टाइप केलेली ओळ होती. करवतवाला, कारागीर, धोबीण, सगळ्यांची नावं मी एका घावात तोडली. अक्षरांच्या शिरोरेषा तेवढ्या पानावर राहिल्या, धडं खाली पडली. आपलं नाव खाली घाल म्हणणाऱ्या बापानं आपल्याच हातानं ते छाटलं होतं, आणि त्याला ठाऊकही नव्हतं.

शेजाऱ्यांनी मामाला टाके घालायला नेलं. धाकटा माझ्यासमोर एकटाच उरला. त्यानं पट्ट्या उचलल्या, वाचल्या, आणि त्याला सगळं कळलं. सांगता आलं असतं. त्यानं सांगितलं नाही. त्यानं पुठ्ठेच आखूड कापले, म्हणजे पुस्तक बेतशीर दिसेल. पुठ्ठे चढवले, शिकंज्यात आवळले, आणि कागदात गुंडाळून थेट ऑफिसात देऊन आला. परत आल्यावर त्यानं पट्ट्यांतून त्या एका पानाच्या तेवढ्या निवडल्या, ज्यांवर त्याच्या दांडा ओढण्याच्या साक्षीखालचं नाव होतं, आणि चुलीत घातल्या. बाकीच्याही हातात घेतल्या होत्या. पण हात पुढे जाईना. त्यानं त्या दोऱ्यानं बांधल्या आणि सरसाच्या डब्यामागे दडवल्या. माणसाला अर्धंच पाप झेपतं, हे मी तेव्हा पाहिलं.

पुढे जे व्हायचं तेच झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी निबंध उघडला. प्रत्येक पानावर आकडे, आणि तळाशी नुसती एक रेघ. "ही काय थट्टा आहे?" ते म्हणाले. "शोभेचे आकडे टाकलेत! वर एवढ्या लोकांच्या साक्षी, आणि खाली एकाचंही नाव नाही. एक तर या मनानं रचल्यात, नाही तर कुणाच्या तरी ढापल्यात." बाई म्हणाल्या, मी कच्चा मसुदा पाहिला आहे. परीक्षक म्हणाले, "तुम्ही पाहिलात. माझ्यापुढे हे आहे." चोरी ठरली तर वर्ष रद्द आणि मुलीचं नाव कॉलेजातून कमी, असं ठरलं.

वाईट बातमीला पाय नसतात, पंख असतात. मुलगी घरी यायच्या आत ती दुकानात पोचली होती. कॉलेजचा शिपाई काउंटरवर टेकून म्हणाला होता, "मामा, तुमच्या मुलीनं चोरी केली म्हणतात." मामाचं तोंड काळंठिक्कर पडलं. मुलगी उंबऱ्याच्या आत आली तशी त्यानं तिच्या थोबाडीत मारली. एवढ्या जोरात की ती पुठ्ठ्यांच्या ढिगावर पडली. "माझ्या घरात चोर?"

ती रडली नाही. ओठ फुटला होता, तो पुसलाही नाही. तिनं परत मिळालेली प्रत माझ्या पाटावर आपटली आणि म्हणाली, "माझ्या टिपा द्या."

मामानं प्रत उचलली. उघडलीही नाही. नुसता अंगठा पुस्तकाच्या बुडाशी लावला, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. इतक्या वर्षांच्या अंगठ्याला काय कळायचं ते कळलं. "हे..." तो म्हणाला, "हे मी कापलंय." मग त्यानं भावाकडे पाहिलं. "आणि पुठ्ठा तू कापलास."

धाकट्यानं डब्यामागचा जुडगा काढून मुलीपुढे ठेवला. ती जमिनीवर बसून पट्ट्या लावू लागली, आकड्यानं आकडा. फुटलेल्या ओठाचं रक्त कागदावर पडू नये म्हणून मान वळवून लावत होती. शेवटी म्हणाली, "एका पानाची नाही." आणि तिघांच्याही नजरा चुलीकडे गेल्या.

त्यानंतर मामानं जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणजे भंगारात जाईपर्यंत. त्यानं धाकट्याचं मनगट पिरगाळलं, त्याला माझ्याकडे ओढत आणलं आणि त्याचा पंजा पात्याखाली दाबून धरला. दुसरा हात दांड्यावर. "माझी दोन घेतलीस. पोरीच्या थोबाडीत मारायला लावलंस. आता मी ओढू? सांग, ओढू?"

धाकटा सुटायची धडपड करत नव्हता. "ओढ," तो म्हणाला. "ओढून टाक एकदाचा."

दांडा हलला. मी तयार होतो, मित्रांनो, खोटं कशाला बोलू? माझं पोट त्यावरच भरतं. पण मुलगी उठून उभी राहिली. तिनं बापाचा हात धरला नाही की काकाला ओढलं नाही. ती एवढंच म्हणाली, "ओढा, बाबा. पण मला हेसुद्धा लिहावं लागेल. खाली नाव कुणाचं घालू?"

मामानं दांडा परत वर सारला. मग त्यानं भावाचं मनगट सोडलं आणि माझ्या पायाशी मटकन बसला. धाकटा पंजा छातीशी धरून भिंतीला टेकला. मुलगी शिवणाच्या टेबलावर बसली आणि आता मात्र तिला रडू आवरेना. मामा तसाच सरकत तिच्याजवळ गेला आणि आपला तो तुटका पंजा त्यानं तिच्या पावलावर ठेवला.

बाईंच्या सांगण्यावरून परीक्षक त्यांना घेऊन स्वतः दुकानात आले. कोरडा माणूस, पण खोडसाळ नव्हता. त्यांनी प्रत माझ्या पाटावर उघडली आणि मुलीनं पानाखाली पट्टी लावली. शिरोरेषेला अक्षर चिकटलं, डोक्याला धड मिळालं. करवतवाला परत आला, धोबीण परत आली. परीक्षक म्हणाले, "पण या पट्ट्या मागाहून दुसरीकडे कापून आणलेल्या नाहीत, याच पुस्तकाच्या आहेत, हे कशावरून?" आता माझी पाळी होती. मामानं पट्ट्यांचा जुडगा उभा धरला. त्याच्या कडेवर केसासारखी रेघ. पुस्तकाचं बूड दाखवलं. त्याच जागी तीच रेघ. मग माझ्याखाली कोरे कागद घातले आणि कापले, पुन्हा तीच. परीक्षकांनी वाकून माझी खाच पाहिली. "ही कशानं पडली?" त्यांनी विचारलं. मामानं आपला तुटका पंजा पाठीमागे घेतला.

सगळी पानं जुळली. एक उरलं. परीक्षकांनी त्यातलं वाक्य मोठ्यानं वाचलं, "'दांडा रागाने ओढला.' याला आधार काय? पट्टी कुठं आहे?"

मुलगी म्हणाली, "पट्टी जळली. ती साक्ष बाबांची होती."

परीक्षक मामाकडे वळले. मामानं आपल्या धाकट्या भावाकडे पाहिलं. त्याच्या मनगटावर अजून बोटांचे वळ होते. मामा म्हणाला, "तेव्हा रागात बोललो असेन. हात निसटला असेल साहेब. वाक्य खोडून टाका."

"खोडायचं नाही." हा आवाज धाकट्याचा. चुलीशी उभा होता तो पुढे आला. "दांडा मी ओढला. रागानं ओढला. पट्टीही मीच जाळली. या खाचेला विचारा, तिच्यात त्याच्या बोटातली अंगठी गेली आहे. घाल गं, कोणम्हणालं. माझं नाव खाली घाल."

परीक्षकांनी पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "ते पान पुन्हा टाइप करून आणा." जाताना उंबऱ्यात थांबून बाईंना म्हणाले, "चोरी नाही. निबंध चांगला आहे." आणि कोरडेपणानंच निघून गेले.

मुलीनं पान पुन्हा टाइप केलं. वरची वाक्यं तीच ठेवली, तळाच्या ओळी बदलल्या. 'हात निसटला' याच्याखाली आता बाप होता. 'दांडा रागाने ओढला' याच्याखाली काका. आधी होतं त्याच्या बरोबर उलट. बाईंनी ते पाहिलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. नव्या प्रती कापायच्या दिवशी मामानं पट्टी लावून तळाची जागा तीन-तीनदा मोजली, धाकट्याकडून मोजून घेतली, आणि मग म्हणाला, "दांडा तू ओढ." धाकटा तयार होईना. "ओढ म्हणतो ना!" आणि पुन्हा भांडण सुरू झालं. गल्लीला बरं वाटलं.

आता मी म्हातारा झालो आहे. पुढच्या खोलीत विजेवर चालणारं यंत्र आलं आहे. ते माणसाचा हात दिसला की आपोआप थांबतं. लाड, दुसरं काय! माझ्या पाटावर जुन्या मासिकांचे गठ्ठे ठेवतात, दांड्याला छत्री अडकवतात. तेलाचा थेंब मिळून किती काळ लोटला कोण जाणे. दोघे भाऊ दुपारी माझ्याशेजारी खुर्च्या टाकून डुलक्या काढतात. कोणम्हणालं त्याच कॉलेजात शिकवते. तिच्या कपाटात ती आखूड प्रतही आहे, नवीही आहे. दरवर्षी नव्या मुलांना ती दोन्ही दाखवते आणि काही न सांगता आधी विचारते, "यात काय कापलं गेलंय?"

तुम्हीही शाळेची प्रकल्पवही बांधायला दुकानात येता, मित्रांनो. मी मागून पाहतो. पानंच्या पानं कुठून तरी उतरवलेली, चित्रं कुणाची तरी, आणि खाली एकही नाव नाही. तुमच्या पानांचा तळ तर मी न कापताच कापलेला दिसतो. दुसऱ्याचं वाक्य हवं तर घ्या, खुशाल घ्या. पण ज्याचं त्याला द्या. एखाद्यानं त्या वाक्याची किंमत म्हणून बोटं मोजलेली असतात. खाली त्याचं नाव लिहा, आणि नावाखाली बोटभर जागा सोडा. कापणारे आम्ही पुष्कळ आहोत.